बेबीचा उजवा कान

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. नाव बेबी. शाळेच्या हजेरीपटात वेगळं नाव आहे, पण ते छापायला तिनं मनाई केली आहे. वय तेव्हा नऊ, इयत्ता चौथी. ठिकाण लालबाग, चाळीचा तिसरा मजला, आमच्या खोलीचा उंबरठा. वेळ: गिरणी संपाचं दुसरं वर्ष, मार्च महिना, तोंडी परीक्षेचा सोमवार, सकाळी साडेआठ. अन्याय करणारे: आम्ही. तिचे वडील, तिची आई आणि मी, तिची ताई. मालकाचं नाव या यादीत नाही. सरकारचंही नाही. त्यांच्या नावानं मी पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत, अजून लिहीन. हे लिखाण आपल्या घरातल्यांसाठी आहे.

मध्ये आठ मार्च गेले. आता पुन्हा आलाय. गॅलरीच्या कठड्यावर पापड वाळताहेत आणि त्यांच्या खालच्या सावलीत पोरं पॅड मांडीवर घेऊन बसली आहेत. पेन्सिलीची टरफलं, शाळेबाहेरच्या गाडीवरची तिखटमीठ लावलेली कैरी, दुपारी तापून कडकड करणारा पत्रा. चाळभर पाठांतराचा गलबला, कुणाच्या नद्या कुणाच्या कवितेत मिसळताहेत. चांगलं वाटावं असा आवाज आहे तो. मग दोन खोल्या सोडून एक आवाज चढतो, "लक्ष कुठं असतं रे तुझं? मठ्ठ!" आणि पाठोपाठ तळहाताचा आवाज. तो आला की माझ्या हातातलं काम थांबतं. चाळीत थपडेला कुणी मान वर करून बघत नाही. परीक्षेच्या दिवसांत तर नाहीच. मीसुद्धा बघत नव्हते.

संपाआधी आमची खोली गिरणीसारखीच पाळीवर चालायची. बाबा रातपाळी करून यायचे तेव्हा आम्ही दोघी शाळेला निघालेल्या असायचो. गावचे दोन पाहुणे राहायचे, त्यांची दिवसपाळी. एक उठला की दुसरा त्याच उबदार चटईवर पडायचा. सगळी माणसं एका वेळी आत कधी नसायचीच, म्हणून ती खोली पुरायची. संप झाला आणि सगळे एकदम आत आले. पाहुणे सहा महिन्यांत कंटाळून गावाला निघून गेले, तरी खोली मोठी झाली नाही. उलट आवळत गेली. दिवसभर घरात जागा पुरुष माणूस, ही गोष्टच त्या खोलीला माहीत नव्हती.

बाबा साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एका छपराखाली शेकडो साचे खडखडत असतात. सूत नेणारा लाकडी धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटत असतो. तिथं शेजाऱ्याच्या कानाशी ओरडलं तरी उपयोग नाही. म्हणून साचेवाल्यांचं बोलणं बिनआवाजाचं. ओठ मोठे हलवायचे, भुवई उडवायची, बोटानं जोड द्यायची. जॉबर, म्हणजे त्यांचा मुकादम, पाठीमागून येतोय हे दहा साचे पलीकडे नुसत्या ओठांनी पोचायचं. ही भाषा बाबांनी घरी आणली. रविवारी ते आम्हा दोघींना समोर बसवायचे, ओठांनी काहीतरी विचारायचे, आणि आधी ओळखेल तिला शेंगदाण्याची चिक्की.

मी बरी होते. बेबी उस्ताद होती. सहा-सात वर्षांची असल्यापासून समोरच्या चाळीतल्या बायकांची भांडणं ती इकडे उभी राहून आम्हाला सांगायची. "ताई, त्या निळ्या लुगड्यावाल्या काकी म्हणतायत, सुनेची भाकरी म्हणजे हिंदुस्थानचा नकाशा. खाली लंका पण आहे." आम्ही हसून लोळायचो. बाबांची छाती फुगायची. शेजारच्या शांतेकाकींना ते दारातून ओरडून सांगायचे, "बापाशीचा चेडू ह्या! साच्यार उभा केला तर जॉबराक गप करीत."

ओरडूनच सांगायचे, कारण हळू बोलणं आमच्या घरात नव्हतंच. बाबांचे स्वतःचे कान साच्यांनी केव्हाच अर्धे खाल्ले होते. आईला त्यांच्याशी ओरडून बोलायची सवय, ती आमच्याशीही तशीच बोलायची. रेडिओ मोठा. हाका मोठ्या. वर ओठ, हात, भुवया. साचेवाल्याच्या घरात जन्मलेल्या पोरीला ऐकू येत नाही, हे कुणाच्या लक्षात यावं? आम्ही तिच्या अंगातला दोष तिचा गुण म्हणून मिरवत होतो. त्यावर चिक्क्या वाटत होतो.

तिचा कान वाहतो, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. तिच्या वेण्या मी घालायचे. उजव्या कानामागचे केस चिकटलेले असायचे, तिथं कंगवा अडायचा. त्याला एक वास होता, ओलं फडकं दोन दिवस बादलीत राहावं तसा. उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग पडायचा आणि धुऊनही जायचा नाही, म्हणून आई ती बाजू खाली करून ठेवायची. आई खोबरेल तेलात लसूण कडकवायची. थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची, मग बेबीच्या कानात. वर कापसाचा बोळा. शांतेकाकी पान जुळवत म्हणायच्या, "पोरांचे कान फुटतंतच गो. वाहूंदेत. आतली घाण भायर पडता."

काळजी नव्हती असं कुणी म्हणू नये. मनगटावर तेलाचा थेंब टाकून बघणाऱ्या बाईला काळजी नव्हती असं कोण म्हणेल? काळजी भरपूर होती. बघणं नव्हतं.

संप लांबला तसे बाबा बोलेनासे झाले. पहिल्या वर्षी ते सभांना जायचे, मोर्च्यात जायचे, घसा बसवून यायचे. दुसरं वर्ष लागलं आणि त्यांना घराबाहेर पडायला रस्ता उरला नाही. डावीकडे गेले तर गिरणीचं गेट. तिथं पोलिसांच्या गाडीमागून मान खाली घालून आत जाणारे थोडे लोक, त्यातले दोघं आमच्याच चाळीतले. उजवीकडे गेले तर नाका. तिथं संपवाले सोबती उभे. "काय रे, तू पण जातोस की काय आत?" गेले तर फितूर. न जावं तर पोरींची तोंडं समोर. आई दादरला चार घरची कामं धरून बसली होती. ती सकाळी सहाला निघायची आणि दुपारी यायची, आणि तिच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की बाबा कूस बदलायचे. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. दिवसचे दिवस. भिंतीवर पोपडे आलेला निळा रंग होता, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर त्यांचं नाक.

ज्या माणसाचं अर्धं बोलणं चेहऱ्यात होतं त्यानं चेहराच फिरवला. आता ते भिंतीशी बोलायचे. "बेबी, पाणी दे." "बेबी, दार लोट." आणि बेबी हलायची नाही. मी उठून पाणी द्यायचे. मला राग यायचा. बाबांना राग येत नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होत होतं. एकदा ते भिंतीलाच म्हणाले, "भोंगो बंद झालो तसो बापूस पण बंद झालो. कोण आयकतला?" कमावता हात थांबला म्हणून नऊ वर्षांची पोरगीही आता आपल्याला विचारत नाही, असं त्यांनी पक्कं धरलं. गिरणीनं, मालकानं, सोबत्यांनी जे केलं तेच आता लेक करतेय. सगळं एकाच माळेत ओवून टाकलं.

शाळेतून वही आली ती याच दिवसांत. बेबीच्या बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं: "वर्गात लक्ष नसते. विचारलेल्याचे उत्तर देत नाही. उद्धट आहे. पालकांनी भेटावे." बाईंना मी दोष देणार नाही. साठ पोरांचा वर्ग, आणि त्या फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता शिकवायच्या. पाठमोऱ्या माणसाचं बेबी काय ऐकणार? पण हे आज सुचतं. तेव्हा भेटायला कुणी गेलं नाही. आईला कामं, आणि बाबांना रस्ता ओलांडायचाच नव्हता. भिंतीकडे बघत त्यांनी निकाल देऊन टाकला, "नापास झाला तर गावाक धाडतलंय. काकाकडे रवात, ढोरां राखीत."

हे त्यांनी भिंतीला सांगितलं, म्हणून बेबीला कळलं नाही. मीच तिला समोर बसवून सांगितलं. गावची शाळा डोंगरापलीकडे होती आणि काकाच्या घरातली एकही मुलगी तिथं गेली नव्हती. बेबीनं विचारलं, "मग परत कधी आणणार?" मी म्हटलं, "पास हो, मग जावंच लागणार नाही." त्या दिवसापासून ती पुस्तक सोडेना. उंबरठ्यावर उजेड यायचा. तिथं बसून ओठ हलवत पाढे म्हणत राहायची. आवाज नाही, नुसते ओठ.

आता तो सोमवार.

आई कामाला गेली होती. बेबी वेणी घालून घेत नाही म्हणून मी तिच्यावर वैतागले होते. त्याच्याही आधीचा राग होता. आदल्या दिवशी नळावरून मी तिला चार हाका मारल्या, ती आली नाही, आणि दोन हंडे मी एकटीनं तीन मजले चढवले होते. बेबी उंबरठ्यावर बाहेर तोंड करून बसलेली. बाबा आत, भिंतीकडे तोंड करून.

"बेबी, सात आठे किती?" बाबांनी विचारलं. परीक्षा आहे हे त्यांच्या लक्षात होतं. ते तिला मदत करत होते.

बेबी गप्प.

"सात आठे गो?"

गप्प.

"आयकणंस नाय? मी घरात बसलंय म्हणान?"

त्या वेळी मला एक वाक्य बोलता आलं असतं. कोणतंही. मी बोलले ते हे: "मुद्दाम करते ती, बाबा. तिला सगळं समजतं."

बाबा उठले. कित्येक दिवसांनी इतक्या झटक्यात उठले. तिच्या मागे जाऊन उभे राहिले, तिनं तेव्हाही वळून बघितलं नाही. थप्पड उजव्या कानावर बसली. साचेवाल्याचा हात. बेबी कठड्यापर्यंत गेली. ती रडली नाही. वळून बाबांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. आम्हाला तो निगरगट्टपणा वाटला. ती फक्त शोधत होती, बाबा काय म्हणाले ते.

तशीच शाळेत गेली. तोंडी परीक्षा दिली की नाही दिली, देव जाणे. साडेअकराला मी तिला आणायला गेले. बाहेर पडली तेव्हा गालावर चार बोटं उमटलेली आणि कानातला बोळा गुलाबी. नाक्यावरून परत येताना ती माझ्या पुढे दोन पावलं चालत होती. मागून हातगाडी आली, कापडाच्या गाठींनी लादलेली, उतारावरून वेग धरलेली. गाडीवाला कंठ फुटेस्तोवर ओरडत होता, "बाजू! ए बाजू!" रस्ता फाकला. बेबी मधोमध चालत राहिली. मी वेणी धरून तिला खेचलं. गाडीचा दांडा तिच्या दप्तराला घासून गेला आणि गाडीवाला मान वळवून किंचाळला, "बहिरी आहे काय रे पोर?"

लालबागमध्ये हा प्रश्न दिवसातून दहा वेळा शिवी म्हणून कानावर पडतो. मी पहिल्यांदा तो प्रश्न म्हणून ऐकला. केसांचा वास, अभ्रा, नळावरच्या हाका, भिंतीला सांगितलेलं पाणी, सगळं एकाच जागी येऊन उभं राहिलं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांच्या समोर जाऊन, भिंत आणि त्यांच्यामध्ये बसून.

"बाबा, बेबीला ऐकू येत नाही."

"खुळी काय गो तू? माझ्यापेक्षा बरा आयकता ता."

"नाही येत."

"बघ तर." ते उठून बसले. बेबीला समोर बसवलं. आणि साच्यावर विचारावं तसं, हयातभराच्या सवयीनं, ओठ मोठे हलवून विचारलं.

"छप्पन्न," बेबी म्हणाली.

पुन्हा ओठ हलले.

"चोपन्न."

पुन्हा.

"बावन्न." तिचा चेहरा उजळला होता. कित्येक महिन्यांनी बापानं तिला तोंड दाखवलं होतं.

"बघ!" बाबा माझ्याकडे वळले. "सात आठे, नऊ सक, तेरा चोक. एकेक बरोबर. आणि तू म्हणतंस..."

तिथं ते थांबले. खोलीत नुसती उत्तरं ऐकू आली होती. प्रश्न एकही नाही. हे मला कळलं आणि त्याच क्षणी त्यांनाही कळलं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला, तोंडापुढे धरला आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली. "बेबी."

ती पंच्याकडे बघत राहिली, तो कधी बाजूला होतो याची वाट बघत. अगदी शहाण्यासारखी. पंच्याआडून तीन हाका आल्या. तिसऱ्या हाकेला शांतेकाकी दारात आल्या. तेव्हा कुठं बेबीनं डावा कान जरासा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. बाबा म्हणाले, "रवांदे तो पेपर." इस्त्री नसलेला पण धुतलेला शर्ट घातला आणि आम्हा तिघींना घेऊन बाहेर पडले. नाका लागला. कुणी तरी विचारलं, "कुठं रे?" त्यांनी उत्तर दिलं नाही. परळचं मोठं हॉस्पिटल आमच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर. त्याच्या भिंतीला लागून आम्ही आयुष्यभर भाजी आणायला जात होतो. आत कुणाला पाऊल टाकायला पैसे लागत नव्हते. ही दोन वाक्यं मी पत्रकात कधी लिहिलेली नाहीत, कारण ती आपल्या बाजूची नाहीत.

डॉक्टर तरुण बाई होत्या, डोळ्यांवर झोप, हातात बॅटरी. "किती दिवस वाहतोय?"

"थंडीपासून," आई म्हणाली.

"गेल्या पावसाळ्यापासून," मी म्हटलं.

"दोन वर्सां झाली असतीत," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आधी तुम्ही घरात ठरवा. तेल कोण घालतं?"

"मी," आई म्हणाली.

"घालू नका." मग त्यांनी बेबीची हनुवटी धरून गाल उजेडाकडे केला. आणखी काही न विचारता सांगितलं, "डाव्या पडद्याला भोक आहे. औषधानं कोरडा राहिला तर पुढं ऑपरेशन करता येईल. उजव्याचा पडदा जवळजवळ नाहीच, आतही खराब झालंय."

बाबांनी विचारलं, "उजव्याचा... काल झाला काय, की आधीपासून?"

"जुनं दुखणं तर आहेच. कालच्या मारानं किती वाढलं, ते मला सांगता येणार नाही."

त्या उत्तरात बाबा नऊ वर्षं अडकून आहेत. डॉक्टरांनी "तुम्हीच फोडलात" म्हटलं असतं तरी ते सुटले असते, "तुमचा काही संबंध नाही" म्हटलं असतं तरीही. निकालच लागला नाही. गिरणी गेली, संप कुणी मागे न घेताच विरून गेला, बाबा प्रभादेवीला एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसू लागले. तिथं दिवसभर बसून ते काय विचार करतात मला माहीत आहे. आताही कधी जेवताना अचानक बेबीला विचारतात, चेहरा पुरता तिच्याकडे करून, "त्या दिवशी दुखलेला काय गो?" ती म्हणते, "आठवत नाही, बाबा."

मला एकदा तिनं सांगितलं, "आठवतं." हे छापू का विचारलं तर म्हणाली, "छाप. नऊ वर्षं एकच खोटं बोलून मला कंटाळा आलाय. त्यांनी वाचलं तर बरंच."

ती गावाला गेली नाही. चौथीत पुन्हा बसली, पहिल्या बाकावर. त्याच बाईंच्या वर्गात. बाई बाबांना म्हणाल्या, "आधी सांगायचंत." बाबा म्हणाले, "आम्हालाच म्हायत नव्हता." डाव्या कानाचं ऑपरेशन झालं, त्याला बऱ्यापैकी ऐकू येतं. उजवा गेला तो गेलाच. या मार्चमध्ये ती बारावीला बसली आहे. हे लिखाण तिनं वाचलं आणि पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, तुझी पत्रकं एवढी ओरडतात, मला उजव्या कानानं पण ऐकू येतात."

ओरडू दे. संपात आपलं काय काय गेलं त्याच्या याद्या मी सभांमधून वाचल्या आहेत. नोकऱ्या, भाड्याच्या खोल्या, गावच्या जमिनी, कुणाची पोरं वाईट मार्गाला गेली ते. त्या यादीत बेबीचा कान कुणी लिहिला नाही, मीही नाही, कारण त्याच्यापुढे मालकाचं नाव लिहिता येत नव्हतं. बाबांचे कान साच्यांनी घेतले, त्याचा जाब विचारायचा आहे आणि मी तो विचारत राहीन. बेबीचा कान आम्ही घेतला. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला कुणी कोंडलं होतं ते मला ठाऊक आहे. पण त्याची पाठ बघत जी पोर वाढत होती तिला कोंडायला मालक आला नव्हता.

म्हणून आता तुम्हाला सांगते, हे वाचताय त्या तुम्हाला. बाप असाल, आई असाल, ताई असाल. तुमच्या घरातलं जे पोर ऐकत नाही, बघून लिहिताना चुकतं, सारखं "काय?" म्हणतं, फळ्याजवळ जाऊन उभं राहतं, वर्गात झोपतं, ज्याला तुम्ही मठ्ठ, उद्धट, नाटकी म्हणता, त्याला उद्या सकाळी दवाखान्यात न्या. कान दाखवा, डोळे दाखवा. केसपेपर तुमच्या नावानं काढा, रांगेत तुम्ही उभे राहा, शेजारणीबरोबर पाठवू नका. काही निघालं नाही तर परत येताना वाटेत मला भेटा आणि चारचौघांत शिव्या घाला. मी ऐकून घेईन. पेपर असला तर बुडवा. परीक्षा झाल्यावर नेतो, असं म्हणू नका. उद्या न्या.